साहेब, गाडी बघायला तरी या

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि मराठवाड्यातल्या परिवहन कार्यालयांतले सर्व मोटार वाहन निरीक्षक यांना,

विषय : घरी बदललेल्या इंजिनाची तपासणी करून मिळणेबाबत.

महोदय,

लोक तुमच्याकडे गाडी पकडल्यावर येतात. मी पकडायच्या आधीच आलोय, त्यामुळे या पत्राचं काय करायचं ते तुम्हालाही चटकन सुचणार नाही. यात तक्रार कमी आणि कबुली जास्त आहे. मागणी एकच, ती इथंच सांगून टाकतो : माझी गाडी तपासा. पास करा असं म्हणत नाही. नापास करायची असेल तर कारण तेवढं कागदावर लिहून द्या.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटारी भरतो. मोटारी म्हणजे गाड्या नव्हेत. विहिरीवरच्या, बोअरमधल्या, पिठाच्या गिरणीतल्या. जळालेली तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजून सुकवायची. २१ वर्षं झाली. गाड्यांचं काम माझा धंदा नाही, नाद आहे. नाद म्हटलं की घरचे कसे बघतात हे तुम्हाला सांगायला नको.

गाडी २००२ सालची फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स. सचिन जिची जाहिरात करायचा ती. त्या काळात एवढ्याशा गाडीत १.६ लिटरचं, शंभर अश्वशक्तीच्या घरातलं इंजिन म्हणजे चैनच होती. ॲव्हरेज विचारू नका. परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, अशा बातम्या तुम्ही कितीदा तरी वाचल्या असतील; आमचं गाव तिथून फार लांब नाही. २००९ साली मी ती पुण्याहून सेकंडहँड आणली. १५ वर्षं भरल्यावर २०१७ ला नोंदणीचं नूतनीकरण केलं, २०२२ ला पुन्हा केलं, पर्यावरण कर भरला. दोन्ही वेळा तुमच्या माणसानं कागद धरून, पेन्सिल घासून चेसिसचा ठसा घेतला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. कागदाच्या बाबतीत ही गाडी आजवर कधी खोटं बोललेली नाही. म्हणूनच आता जीव खातंय.

२०२३ च्या एप्रिलमध्ये रेडिएटरचा पंखा बंद पडला. काटा लाल रेषेकडे सरकताना मला दिसत होता. गाव चार किलोमीटरवर राहिलं होतं, मी रेटली. चूक माझी. हेड वाकलं, ते लेथवर सपाट करून आणलं, पण ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या मूळ सांगाड्यालाच, दोन सिलिंडरांच्या मधे केसाएवढी चीर निघाली. १.६ चा ब्लॉक आता शोधून सापडत नाही, आणि सापडला तर तोही असाच कुणीतरी तापवलेला. भंगारवाला दारात येऊन २२ हजार सांगून गेला. त्या रात्री मला झोप आली नाही एवढंच लिहितो.

पुढे हैदराबादहून एक लिनिया मिळाली, टी-जेट. आमच्याकडची माणसं सोयरिकीपासून सुट्या भागांपर्यंत पुण्यामुंबईच्या आधी हैदराबादला जातात, ही निजामापासूनची सवय. मागून लॉरीनं ठोकलेली, विमा कंपनीनं निकालात काढलेली गाडी. डिकी मागच्या सीटपर्यंत आत आली होती, पण पुढचा भाग कोरा. तिचं इंजिन १.४ लिटर, १,३६८ सीसीचं, टर्बो. तेही फियाटचंच, तेही भारतात रीतसर विकलेल्या गाडीतलं. पावती घेतली, इंजिन क्रमांकाचा फोटो घेतला, त्या गाडीच्या आरसीची प्रत घेतली, मालकाच्या विमा दाव्याचा कागदही मागून घेतला. भंगारवाला हसला. म्हणाला, एवढे कागद तर लोक अख्खी गाडी घेताना बघत नाहीत.

टर्बो म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून दोन ओळी. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोत त्या धुरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. माझ्या दुकानातली सगळ्यात जलद मोटर मिनिटाला २,८८० फेरे मारते. टर्बोचं चाक लाख-दीड लाखाच्या पुढे जातं, आणि तेही तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत. हा आकडा मला पहिल्यांदा कळला तेव्हा हातातला चहा गार झाला होता.

गंमत बघा, सीसीच्या रकान्यात गाडी लहान झाली : १,५९६ वरून १,३६८. ताकद शंभरवरून ११४ च्या आसपास. कागदावर फरक १४ घोड्यांचा. खरा फरक ओढीत आहे. जुनं इंजिन साडेतीन-चार हजार फेऱ्यांवर जागं व्हायचं. हे २,२०० लाच २०७ न्यूटन-मीटर देतं, जुन्याच्या जवळपास दीडपट. ब्रेक, ॲक्सल, टायर यांना तुमचा सीसीचा रकाना कळत नाही, ओढ कळते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता काम. आमच्याकडे इंजिन उचलायची क्रेन नाही. बोअरमधली मोटर वर काढायला लावतात ती तीन पायांची लोखंडी तिपाई आहे आणि चेन कप्पी आहे. ५०० फुटांवरून पाइपासकट मोटर ओढणाऱ्या तिपाईला दीडशे किलोचं इंजिन म्हणजे पोरखेळ. एका रविवारी जुनं वर काढलं, नवं अजून जमिनीवरच होतं, आणि आई माडीवरून ओरडली, "कामून त्या लोखंडाच्या मागं लागलास रं? बोअरची मोटर येऊन चार दिस झाले, लोकांचं पाणी बंद हाय!" तिचं खरं होतं. इंजिन खाली ठेवलं, मोटर भरली, मग पुन्हा इंजिन.

१.६ ची फाउंडेशन, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे आधार, या इंजिनाला बसत नाहीत. पण टी-जेट हे पालिओच्याच लहान भावाच्या, १.२ च्या खानदानातलं इंजिन, म्हणून १.२ ची फाउंडेशन आणून पाहिली. एका बाजूला थोडं घासावं लागलं. दुसऱ्या बाजूचा ब्रॅकेट आमच्या वेल्डरनं केला, जो एरवी उसाच्या ट्रॉल्या बांधतो. त्याला पातळ काम येत नाही. त्यानं केलेला ब्रॅकेट गाडी गंजून गेली तरी राहील. गिअरबॉक्स लिनियाचाच घेतला. बॉनेट खाली येईना तेव्हा हवेचा पाइप तीनदा बदलला. या सगळ्यात अवघड असं काही नव्हतं, नुसता वेळ जात होता.

अवघड होतं वायरिंग. लोकांना वाटतं इंजिन बदलणं म्हणजे पान्याचं काम. पान्याचं काम १५ दिवसांत झालं. वायरिंगला तीन महिने लागले, आणि मी तारांतच जन्म घालवलेला माणूस आहे. दोन गाड्यांची वायरिंग दुकानाच्या फरशीवर शेजारी शेजारी पसरली, प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून वर पेनानं नाव घातलं. पालिओचा ॲक्सिलरेटर तारेनं ओढायचा. लिनियाचा पेडल म्हणजे नुसता सेन्सर, म्हणून पेडलही तिकडचा. शेवटी चावी फिरवली. इंजिन लागलं. दीड सेकंद चाललं आणि बंद. पुन्हा लावलं, पुन्हा दीड सेकंद. चोरी होऊ नये म्हणून चावीतली चिप, इंजिनाचा कॉम्प्युटर आणि गाडीतली दुसरी एक पेटी एकमेकांना ओळखतात. एक जरी अनोळखी निघालं तरी इंजिन मरतं. तिन्ही लिनियाची आणून एकत्र बसवली तेव्हा ते तिसऱ्या सेकंदाला चालू राहिलं. चाचा, म्हणजे समोरचे पंक्चरवाले, रस्ता ओलांडून धावत आले. त्यांना वाटलं कुणाला शॉक लागला, इतका मी ओरडलो होतो.

चाचांचा कॉम्प्रेसर पुढेही कामाला आला. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपात हवा कुठं गळते ते बघायला मी एका टोकाला प्लास्टिकचं झाकण बसवलं, त्याला टायरचा वॉल्व्ह लावला, त्यातून हवा भरली आणि प्रत्येक सांध्यावर भांडी घासायच्या साबणाचा फेस सोडला. पंक्चर काढताना पाण्यात ट्यूब बुडवतात तसंच. इंटरकूलरच्या, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या, क्लॅम्पवर मोहरीएवढे बुडबुडे आले. क्लॅम्प बदलला, बुडबुडे बंद.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

मागच्या मे महिन्यात, दुपारी, पारा ४३ वर. आमच्या वावरात विहिरीपर्यंत जाणारी अर्ध्या किलोमीटरची मुरमाची वाट आहे. गाडी रस्त्यावर न्यायची नाही हे मी पहिल्यापासून ठरवलेलं. टेम्पोवर घालून तिथं नेली. उन्हात टर्बोची खरी परीक्षा असते. बाहेरची हवाच ४३ अंश, ती दाबली की टर्बोतून निघताना शंभरच्या वर जाते; इंटरकूलर नसेल तर तशीच इंजिनात शिरते आणि पेट्रोल वेळेआधी पेटून पिस्टनला ठोके बसतात. ते सगळं ठीक होतं. सहा फेऱ्या मारल्या, काटा जागेवर. मी खुशीत बॉनेट उघडलं आणि पेट्रोलचा वास आला.

वास हलका होता. आधी वाटलं टाकीचं झाकण असेल. मग खाली वाकलो. टर्बोच्या कवचाजवळ हात नेववत नव्हता, आणि तिथून चार बोटांवर पेट्रोलची रबरी नळी होती. नळीवर एक थेंब धरलेला. पडत नव्हता, नुसता धरला होता. बोटानं नळी दाबली तर ती तव्यावरच्या लोण्यासारखी मऊ. नळी २००२ ची, मी तशीच ठेवलेली. तेव्हाच्या पेट्रोलात इथेनॉल नव्हतं; आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के असतं, आणि जुनं रबर त्यात फुगतं. आमच्याच उसाचं इथेनॉल, आमच्याच गाडीची नळी. पण दोष इथेनॉलला देत नाही. ती नळी तिथून मीच नेली होती. त्या वेळी टर्बो बसलेला नव्हता, जागा मोकळी दिसत होती, आणि नंतर मी ती शंभर वेळा पाहिली असेल.

गाडी तशीच सोडून विहिरीच्या कठड्यावर बसलो. शेजारच्या वावरात तुरीचा वाळलेला पालापाचोळा गुडघाभर पडला होता.

माझ्या दुकानात एक नियम आहे. भरलेली मोटर गिऱ्हाइकाला देण्याआधी तिला ५०० व्होल्टचा मेगर लावायचा, तार कुठं लोखंडाला टेकते का ते बघायचं. हे करायचं दुसऱ्यानं. पोरानं भरलेली मोटर मी तपासतो, मी भरलेली पोरगा. तो २० वर्षांचा आहे, मला अजून काका म्हणतो, आणि त्यानं माझ्या दोन मोटारी परत पाठवल्यात. स्वतःच्या चुकीला स्वतःचे डोळे सरावतात. गाडीचं सगळं काम मी एकट्यानं केलं आणि एकट्यानं तपासलं. तिला मेगर लावणारं कुणी नव्हतं. आणि कुणी नव्हतं याचं कारण, साहेब, मी कुणाला बोलावूच शकत नव्हतो.

नळी बदलली. इथेनॉल चालणारी नवी घेतली, उष्णता अडवणाऱ्या वेष्टणात घातली, पार दुसऱ्या बाजूनं नेली. मग फाइल घेऊन कार्यालयात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. खिडकीवरच्यांनी फाइल उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "असलं कुणी विचारायला येत नाही. लोक करून मोकळे होतात. तुम्ही कामून विचारायलाव?" आतले निरीक्षक सज्जन होते. बसा म्हणाले, चहा दिला. फोटो शेवटपर्यंत पाहिले, वायरिंगच्या फोटोशी थांबले, "हे तुम्ही केलं?" असंही विचारलं. मग म्हणाले, "लेखी दिलंत तर मला नाही लिहावं लागेल. तोंडी असेल तर मी ऐकलंच नाही." त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. पण घरी येताना लक्षात आलं की फोटोतसुद्धा त्यांची नजर ब्रेकवर गेली नाही. जायचं कारणच नव्हतं. गाडी त्यांच्या लेखी नव्हतीच.

कायदा मी वाचलाय. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ : उत्पादकानं जे तपशील दिले आणि आरसीवर जे छापले त्यांच्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या प्रकरणात हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२-अ आलं. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द वाचून मी माझे बदल मोजायला बसलो होतो, नंतर मोजणं सोडून दिलं. कलम ५२ मध्येच त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन परवानगीशिवाय बदलण्याची एक वाट आहे, पण ती १० किंवा जास्त वाहतुकीची वाहनं असणाऱ्या मालकासाठी. माझ्याकडे एक पालिओ आणि एक सायकल आहे.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. इंजिन क्रमांक ही चोरी पकडायची खूण आहे; कुणीही कुठलंही इंजिन कुठंही बसवायला लागला तर चोरबाजाराला सुगीच. विमा कंपनी म्हणेल आम्ही शंभर घोड्यांचा हप्ता घेतला होता. आणि सायलेन्सर कापून रात्री दोनला गल्लीतून फटफट करत जाणारी पोरं तुमच्याइतकीच मलाही नकोशी आहेत, माझ्या घरात म्हातारी आई आहे. त्यांना धरा. जरूर धरा. पण त्यांना आणि मला एकाच दोरीनं बांधल्यावर होतं असं, की ती पोरं तशीही तुमच्याकडे येत नाहीत, आणि आता मीही येणार नाही. मग उरतात फक्त मऊ पडलेल्या नळ्या.

सीएनजीचंच घ्या. डिकीत २०० बार दाबाचं सिलिंडर बसवायला कायद्यात सोय आहे : मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त केंद्र, आरसीवर नोंद, दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पोटात नंतर घातलेली धोक्याची वस्तू तपासून घ्यायची रीत आपल्याला माहीत आहे. माझं इंजिन तर कुठल्या शेडमधलं जुगाडही नाही. ते याच देशात मान्यता मिळालेल्या गाडीतलं, जुन्यापेक्षा निदान आठ वर्षांनी नवं, धुराच्या बीएस-४ नियमांच्या जमान्यातलं. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. मला माझ्या गाडीच्या जुन्या वयाची सवलत नको, याच मापानं मोजा. नळकांडं घालणारा जो कुणी येईल त्याला धुरात काय दिसतं ते मलाही बघायचंय.

पुण्यात एआरएआय, म्हणजे गाड्या तपासून मान्यता देणारी संस्था, आहे हे मला माहीत आहे. पण तिथली मान्यता किट बनवणाऱ्यासाठी, उत्पादकासाठी आहे. एकाच गाडीपुरतं एकदाच केलेलं काम घेऊन एका माणसानं कुठं जायचं, याला तिथं खिडकी नाही. जर्मनीत आहे. तिथं कारखान्याच्या मान्यतेबाहेरचा बदल असेल तर अधिकृत तपासनीस त्या एकाच गाडीची वेगळी तपासणी करतो. ब्रेक, धूर, आवाज बघतो आणि पटलं तर तो बदल गाडीच्या कागदावर चढतो. ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की मालकानं नोंदणी खात्याला कळवायचं, पुरावा जोडायचा, नवा क्रमांक आणि सीसी नोंदीत येतो. तिथले लोक गाडीवेडे आहेत आणि कडकही आहेत. दोन्ही एकत्र जमतं.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. शेंद्र्याला स्कोडाची गाडी या शतकाच्या सुरुवातीपासून जोडली जाते, १.८ टर्बो पेट्रोलची ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली २००४ साली, आपल्याकडे टर्बो पेट्रोल हा शब्द गॅरेजातही कुणी उच्चारत नव्हतं तेव्हा. लातूर-नांदेडची, बीड-जालन्याची आयटीआय झालेली पोरं दिवसभर टॉर्क पान्यानं मोजून बोल्ट आवळतात आणि सुट्टीला गावी येऊन तेच हात मोकळे ठेवतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. ठिकठिकाणी स्वयंचलित वाहन तपासणी केंद्रं उभी राहताहेत, तिथं गाडी रोलरवर घेऊन प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजता येतो. महिन्यातून एक दिवस, एक निरीक्षक, एक रोलर. फी तुम्ही ठरवा. भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन नोंदणीकृत भंगार केंद्रातून क्रमांकासह पावतीवर मिळू दे, म्हणजे चोरीचा प्रश्न तिथंच मिटतो. नियम केंद्राचे आहेत, तुमच्या हातात सगळं नाही, हेही जाणतो. पण तुमच्या कार्यालयातून दिल्लीला गेलेल्या कागदाला जे वजन असेल ते माझ्या रजिस्टर पोस्टाला नाही.

एक राहवत नाही म्हणून. दिवाळीनंतर कारखाने पेटले की आमच्या रस्त्यावरून एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, डोंगराएवढा ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, अशा रांगा रात्रभर जातात. त्यातल्या काही आमच्या वेल्डरनंच बांधल्यात, तोच सांगतो. दर हंगामात कुणीतरी मोटरसायकलवाला अंधारात त्यात घुसतो. त्या ट्रॉल्या तुम्हाला दिसतात, मला दिसतात, सगळ्यांना दिसतात. माझी गाडी ताडपत्रीखाली आहे आणि ती मी दाखवायला निघालोय. यापुढं बोललो तर आगाऊपणा होईल.

मला खरोखर काय जाणून घ्यायचंय ते सांगतो. ब्रेक. पुढच्या डिस्का नव्या घातल्यात, मागं मूळचेच ड्रम आहेत. लिनिया टी-जेटला चारही चाकांना डिस्क होत्या, म्हणजे ज्यांनी हे इंजिन बनवलं त्यांनी त्याच्यासाठी काहीतरी हिशेब केला होता. माझी गाडी लिनियाहून हलकी आहे, म्हणून पुरेल असं माझं गणित म्हणतं. पण नळीच्या बाबतीतही माझ्या डोळ्यांनी 'ठीक आहे' असंच म्हटलं होतं. तुमचा रोलर पुरे नाही म्हणाला तर मी मागं डिस्क घालीन, किंवा गाडी विहिरीच्या वाटेवरच ठेवीन. वाद घालणार नाही.

नोंदणी २०२७ ला संपते. तेव्हा तुमचा माणूस येईल, पेन्सिल घासून चेसिसचा ठसा घेईल, तो जुळेल. मग तो बॉनेट उघडायला सांगेल. त्या दिवशी मला दोनच रस्ते उरतील : खोटं बोलायचं, किंवा आदल्या महिन्यात तिपाई उभी करायची. तडकलेला ब्लॉक मी विकलेला नाही. गोठ्यात लाकडी ओंडक्यावर, ग्रीस लावून, पोत्याखाली ठेवलाय. एक जुना फिटर म्हणतो, चीर शिवून देतो, वर्षभर तरी चालेल. त्याचे सगळे नटबोल्ट रंगाच्या रिकाम्या डब्यात वेगळे आहेत, डब्यावर काय कुठलं ते लिहिलंय.

गाडी बघायची असेल तर सकाळी लवकर या. दुपारी पत्र्याखाली फार तापतं.

आपला नम्र,
मोटारी भरणारा एक गाडीमालक